पुढच्या भेटीपर्यंत

इद्वलने पेचकस लाकडात टेकवला
आणि तो मुठीपर्यंत आत गेला.
काही बोलला नाही.
पेचकस पँटला पुसला,
खिडकीच्या खाचेत उगवलेली तीन पिवळट अळंबी
बोटाने मोजली, जणू तीही बिलात धरायची होती.

"बघू या, सिस्टर."

हा सूर माझा आहे.
एकतीस वर्षं मी तो या वेल्श खोऱ्यात वापरला,
छातीत पाटीच्या खाणीची धूळ घेऊन पडलेल्यांच्या
बायकांसमोर, जिन्याखाली, दार ओढून घेऊन:
बघू या.
त्यांना कळायचं.
मलाही कळतं.

मॉरिस मायनर ट्रॅव्हलर, सन साठ.
पुढून मोटार, मागून कपाट.
ही लाकडाची चौकट शोभेची नाही,
छत तिच्यावरच उभं आहे.
दरवर्षी मी तिला वार्निश दिलं,
दोन वर्षं सोडून. तेव्हा एम्रिस अंथरुणाला होता
आणि माझ्याकडे एका माणसाला पुरतील एवढेच हात.
पाणी तेवढ्यात शिरलं.

इंजिनाला अजून घरघर लागलेली नाही.
काळीज ठणठणीत, हाडं गेलेली:
असे पेशंट सगळ्यांत अवघड.

एकोणसत्तरच्या फेब्रुवारीत, बर्फात, वीज गेली
तेव्हा मी हिला एका स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर उभी केली,
दिवे आत सोडले,
आणि त्या पिवळ्या उजेडात एक पोर आलं,
निळं, गळ्याभोवती नाळ, भयंकर संतापलेलं.
सकाळी बॅटरी मेलेली.
पोराच्या बापाने हँडल मारमारून हिला उठवलं.
इद्वलला ही गोष्ट पाठ आहे.
मी काढत नाही.
सूट मागितल्यासारखं होईल.

साडेसहा हजार पौंड, म्हणतो.
चेस्टरचा एकजण आहे तशी उचलायला तयार आहे, सातशेला.
लग्नांना गाड्या पुरवतो.
प्लायवूड ठोकील, वर रंग, बॉनेटवर रिबिनी.
या वयात गुडघ्याला बाशिंग.
नेरिस म्हणते, मावशी, देऊन टाक,
हीटर चालणारी एखादी घे.

आता राहिलेलं सांगते.
मार्चपासून सरळ रेघा मला वाकलेल्या दिसतात,
दाराची चौकट, वर्तमानपत्र, रस्त्यातली पांढरी पट्टी.
मधोमध एक राखाडी डाग आहे, अंगठ्याएवढा,
ज्याच्याकडे बघावं त्याच्याच तोंडावर जाऊन बसतो.
बँगोरच्या डॉक्टरणीने फॉर्म दिला, लायसन परत करायचा.
ड्रॉवरमध्ये आहे, चमच्यांखाली.
तो पोस्टात पडला की गाडीचा प्रश्न आपोआप सुटतो,
म्हणून पडलेला नाही.
आज इथवर आले ती दुसऱ्या गिअरमध्ये,
भिंतीच्या कडेकडेने, आठवणीवर.
दुसरं कोणी असं आलं असतं
तर मी त्याच्या हातातून किल्ली काढून घेतली असती.

"डावी बाजू कर," मी म्हणते. "यंदा डावीच."
"अर्धं करून काय उपयोग, सिस्टर?"
"अख्खं बरं मी कोणालाच केलं नाही, इद्वल.
पुढच्या भेटीपर्यंत टिकलं की झालं."

तो पुढच्या चाकाकडे बघतो.
चाक फुटपाथवर चढलेलं आहे.
"आणि चालवणार कोण?"

मी हातमोजे घालते, काढते.
तो आत वाकून इंडिकेटरचा खटका दाबतो.
दारामागच्या फटीतून तो छोटा नारिंगी हात निघतो,
अर्ध्यावर अडकतो, थरथरतो.
इद्वल त्याला एका बोटाने वर उचलून देतो
आणि थोडा वेळ तसाच धरून ठेवतो.

मग कानामागची पेन्सिल काढून
भिंतीला टेकलेल्या फळीवर काहीतरी लिहितो,
खोडतो, पुन्हा लिहितो,
फळी माझ्याकडे वळवतो.

मी मान हलवते.
मला ते वाचता आलेलं नाही.