क्षयतिथी

जानेवारी धुक्यानं गिळला.
बावीस दिवस टर्फवर नुसतं पांढरं,
एका गोलपोस्टपाशी उभं राहिलं तर दुसरा दिसत नव्हता.
पंच शिट्ट्या खिशात ठेवून चहा पीत बसायचे.
मग लीगच्या कार्यालयातून कागद आला:
उरलेले नऊ सामने, चौदा दिवसांत,
कारण एक मार्चपासून मैदान
कसल्याशा सरकारी मेळाव्याला दिलेलं.

मी फिजिओ. लश्करातली.
माझ्या बॅगेत पट्ट्या, कात्री, स्प्रे
आणि त्या दिवसापासून एक मार्कर.
कुणाचा कुठला पाय, लक्षात राहीनासं झालं,
म्हणून टेपवरच लिहायला लागले:
"सलोमी, डावा घोटा, चौथी मॅच."

बर्फ हजिऱ्याच्या कारखान्यातून,
ई-रिक्षात, पोत्यात गुंडाळून.
थंडीत लादी मागणारे आम्हीच एकटे.
मालक विचारायचा, "ताई, घरात लग्न आहे का?"
"आहे ना," म्हणायचे मी, "नऊ आहेत."

पहिला हरलो. तो निदान हरल्यासारखा हरलो,
बसमध्ये कुणी बोललं नाही, कुणी जेवलं नाही.
पण दुःखालाही एक रात्र लागते
आणि सोमवारच्या गोलवर रडावं म्हटलं
तर मंगळवारी समोर भोपाळवाल्या उभ्या.
तिसऱ्यानंतर मुली जेवायला लागल्या.
मला ते जास्त वाईट वाटलं.

रुखसार, आमची गोलकीपर.
तिचे पॅड वाळायला दीड दिवस लागतो.
मिळायचे सतरा तास.
हॉस्टेलच्या हीटरसमोर ठेवायची, केसांचा ड्रायर लावायची,
तरी सकाळी ओलेच चढवायची, म्हणायची,
"दीदी, कालची मॅच अजून पायात आहे."

बाबांनी त्या सकाळी पंचांग उघडून सांगितलं,
आज नवमी नाही.
सूर्य उगवला तेव्हा अष्टमी होती,
उद्या उगवेल तेव्हा दशमी.
मधली येऊन गेली, कुठल्याच सूर्योदयाला दिसली नाही.
मी आमचं वेळापत्रक त्यांच्यासमोर ठेवलं.
चष्मा कपाळावर सरकवून बराच वेळ बघत राहिले,
"यात बऱ्याच तिथी गेल्यात गं."

पंचेचाळीस मिनिटं आम्ही बरोबरीत असायचो,
हे कुणी लिहीत नाही.
शेवटच्या पंधरात पाय दुसऱ्याच कुणाचे व्हायचे,
स्टिक चेंडूच्या मागून पोचायची,
एखाद्या पाहुण्यासारखी, पंगत उठल्यावर.

सातव्या मॅचआधी टिकेकर सरांनी विचारलं,
"हेमलता चालेल का?"
सरांच्या डोळ्यांखाली काळं.
बदली खेळाडू दोन, त्यातल्या एकीला ताप.
हेमलता टेबलावर पालथी, मांडीचा स्नायू
माझ्या अंगठ्याखाली सुतळीसारखा.
तिनं मान वळवली नाही.
मी म्हटलं,
चालेल.

त्रेपन्नाव्या मिनिटाला ती पडली नाही.
बसली.
डाव्या कोपऱ्यात, चेंडू पुढे जाऊ देऊन,
शेवटची बस गेल्यावर माणूस जसं
रस्त्याकडेला बसतं.
मी धावत गेले, हातात स्प्रे,
ज्याचा आता काही उपयोग नव्हता हे
दोघींनाही माहीत होतं.
ती माझी समजूत काढत होती.

उरलेले दोन आम्ही खेळलो.
त्यातला एक जिंकलोसुद्धा, कसा ते विचारू नका,
चेंडू कुणाच्यातरी बुटाला लागून आत गेला
आणि आनंद करायला कुणाला पळवेना.

पंधराव्या दिवशी कुठेच जायचं नव्हतं.
सगळ्या साडेपाचला उठून
पलंगावर बसून राहिल्या.
गच्चीवर रुखसारचे पॅड अखेर वाळले,
कडक होऊन, गुडघ्यात किंचित वाकलेले,
किल्ल्याकडे तोंड करून आपापले उभे.

माझ्या बॅगेच्या तळाशी
टेपचा एक तुकडा चिकटलाय.
"हेमलता, उजवी मांडी, सातवी"
आणि पुढे काहीतरी लिहायचं होतं,
शिट्टी झाली.