गुण्यात नसलेली खोली

खोलीला कोपरे चार, असं मी शाळेत शिकवते.
मॅलकीमामा म्हणाला, सहा आतले, दोन बाहेरचे.
धुराड्याची छाती पुढे आलीय, ती कोण मोजणार, मास्तरीणबाई?

डेरीच्या चढावरचं घर. रस्ता नदीकडे उतरतो
आणि शंभर वर्षं घरही त्याच्यामागून निघालंय,
केसभर, केसभर.
खिडकीच्या कोपऱ्यात गुण्या टेकवला
तर पात्यामागून उजेड आला.
"एक्याण्णव अंश," मी म्हणाले.
"साडेएक्याण्णव," तो म्हणाला, चहात बिस्कीट बुडवत.

गुडघे गेल्यापासून तो शिडी चढत नाही.
खाली खुर्चीत बसतो, मांडीवर जुना टॉवेल,
पुढ्यात मायटर बॉक्स. तिच्या खाचा
चाळीस वर्षांच्या करवतीने इतक्या रुंद केल्यात
की आता पातं त्यात डुलतं.
मी वरून आकडा टाकते, तो खाली झेलतो.

कोव्हिंग पेटीत उलटं ठेवायचं. हा पहिला धडा.
छताची कड तळाला, भिंतीची कड पाठीला.
जग असं डोक्यावर उभं असताना
डावं ते डावंच राहतं का,
याचा विचार करत बसलं की संपलं.
हाताला ठाऊक असतं, म्हणतो.
पन्नास वर्षं होतं.

"दोन मीटर चौतीस! डावीकडे आतला!"
करवत चालली. थांबली. भुकटीवर फुंकर.
तुकडा वर आला, मी कोपऱ्याला लावला.
छताची कड जिथे मागे सरायला हवी
तिथे ती पुढे आली होती, चोचीसारखी.

मागच्या महिन्यात तो आपल्याच गल्लीच्या तोंडाशी
डावीकडे वळायचा तो उजवीकडे वळला.
लाँड्रीवाल्या ओनाने हाताला धरून घरी आणला.
दूध संपलं होतं म्हणून गेलो, म्हणाला.
दूध होतं.

मी शिडीवर. हातात तो तुकडा.
वहीत असतं तर लाल पेनाने गोल केला असता.
"हा जरा तडकलाय," मी म्हणाले, "दुसरा देतोस?"
त्याने मान वर करून पाहिलं, तुकड्याकडे नाही.
मग दुसरा कापला. तो बसला.
पहिला मी पडद्याआड उभा केला, भिंतीकडे तोंड करून,
आमच्या वर्गात उभं करायचे तसा.

जेवणानंतर धुराडं.
"एक मीटर सेहेचाळीस, दोन्हीकडे बाहेरचे."
त्याने नवी पट्टी उचलली नाही. हात पुढे केला.
"पडद्यामागची दे."

दिली.
"हिचं डावं टोक झालेलंच आहे."
मोजून त्याने फक्त उजवं कापलं.
मी वर नेलं, छातीवर टेकवलं,
दोन्ही चोची कोपऱ्यापलीकडे बरोब्बर डोकावल्या,
शेजारच्या तुकड्यांची वाट बघत.
"आतल्याची चूक म्हणजे बाहेरचा," तो म्हणाला,
जणू सकाळपासून हेच सांगायचं राहिलं होतं.
आणि हसला, की भुकटीने ठसका लागला,
शिडीवरून कळलं नाही.

अजून कळलेलं नाही.

त्यानंतर त्याने वर दिलेल्या प्रत्येक तुकड्याच्या पाठीवर
पेन्सिलीने लिहिलेलं होतं, डावं, उजवं,
अक्षरं मोठी, पहिलीतल्या मुलासारखी दाबून.
मी त्यांच्यावर सरस थापला, वर दाबून धरला,
शंभरपर्यंत मोजलं.
खिडकीच्या कोपऱ्यातली दीड अंशाची फट
ओल्या बोटाने भरून काढली.

तो खालून बघत होता.
"अजून थोडं," म्हणाला. "डावीकडे."
मी थोडी थांबले, त्याच्या हाताकडे पाहिलं,
आणि तो दाखवत होता तिकडे बोट नेलं.