थांबण्याचे पैसे

तंबू आमचा नव्हता.
तीन वर्षांपूर्वी पवईचं एक कुटुंब
पप्पांच्या डिकीत विसरून गेलं.
पप्पांनी सातदा फोन केला.
सातव्यांदा त्या बाई म्हणाल्या, ठेवा हो,
आम्ही नवा घेतला.
तेव्हापासून तो आमच्या पोटमाळ्यावर,
गणपतीच्या मखराला टेकून.

मग या मार्चात गाडीमालक हरेशभाईंकडे साखरपुडा निघाला
आणि अर्टिगा शनिवार-रविवार आमची झाली.

आई मागे बसली, का कुणास ठाऊक.
जोगेश्वरीच्या सिग्नलला पप्पा आरशात बघून म्हणाले,
एसी वाढवू का, मॅडम?
सवयीने. खरंच सवयीने.
आई खिडकीबाहेर बघत म्हणाली, नको.
क्षणभर कुणीच काही बोललं नाही.
मग ती इतकी हसली की ठसका लागला
आणि गाडी बाजूला घेऊन पाणी द्यावं लागलं.

दहिसरचा नाका मागे पडला तसा
निनाद ओरडला, मुंबई संपली!
भाईंदर, उत्तन, चढ, उतार, एक क्रूस, दुसरा क्रूस,
आणि तासाभराने एका कचरापेटीवर
बृहन्मुंबई महानगरपालिका.
एवढं बाहेर पडून
आम्ही मागच्या दाराने घरातच शिरलो होतो.

ब्रिजेटबाईंच्या वाडीत माणशी शंभर.
चूल पेटवा, पण माडाखाली नको.
तंबूची एक दांडी कमी निघाली.
त्यांनी आंब्याच्या झेल्याची काठी दिली, जाळीसकट,
म्हणून आमच्या घराला
रात्रभर एक टोपी होती.

पप्पांना काशीद पाठ, मुरुड पाठ, अलिबाग पाठ,
पार्किंगपर्यंत.
सावली कुठे मिळते, चहावाला कोण उधार देतो,
कुठल्या हॉटेलात ड्रायव्हरचं जेवण फुकट.
वाळू त्यांना फक्त फूटमॅटवरची माहीत.
ते बूट घालूनच उभे राहिले,
हातात किल्ली,
पाणी तंबूत शिरेल का हे पुन्हा पुन्हा विचारत.

आई रताळी निखाऱ्यात सरकवत होती
(तिचा उपास, आम्हाला सुकट).
मान वर न करता म्हणाली,
आज एकादशी. अकराची पाऊणपट, सव्वाआठ.
सव्वाआठला भरेल, त्या ओंडक्याच्या अलीकडे थांबेल.

आम्ही घड्याळ घेऊन बसलो.
पाणी आलं, आलं,
ओंडक्यापासून हातभर अंतरावर
काहीतरी आठवल्यासारखं थांबलं
आणि मागे निघालं.
आठ वाजून अठरा.
निनादने आईकडे असं बघितलं
जसं तिनेच ते परत पाठवलं.

अर्नाळ्याची मुलगी ही.
चौदा वर्षं विक्रोळीत तिथी फक्त उपासाला लागली.
हे गणित तिने कुठल्या डब्यात ठेवलं होतं?

पप्पांनी तेव्हा बूट काढले.
मोज्यांच्या आत पाय अगदी गोरे होते.

रात्री जाग आली तर
पप्पांची जागा रिकामी, उशी थंड.
बॅटरी घेऊन निघाले. खेकडे उजेडातून बाजूला सरत होते,
बोंबलांच्या वलांडीखाली एक मांजर, नुसते डोळे.
वाडीच्या तोंडाशी अर्टिगा.
सीट मागे टाकलेली, काच चार बोटं खाली,
चेहऱ्यावर रुमाल.
अशीच झोपले असतील शेकडो रात्री
कुणाकुणाच्या शेकोटीपासून लांब,
ढोलकी, हसणं ऐकत.

मी दार उघडलं.
रुमालाखालूनच म्हणाले,
निघायचं का, साहेब?

नाही अजून, मी म्हटलं,
आणि शेजारची सीट मागे टाकली.
खाडीपलीकडे बोरिवलीचे दिवे जळत होते,
इतके जवळ की एखादी खिडकी मोजता आली असती.
थोड्या वेळाने आई आली, मग चादर ओढत निनाद.
तंबू तिकडे टोपी घालून एकटाच.

सोमवारी कुणी गिऱ्हाईक म्हणालं म्हणे,
काय हो, गाडीत वाळू किती!
रोज दोनदा गाडी झाडणारे पप्पा म्हणाले,
असू दे, घरची आहे.