सतरा पाकिटं

माझ्या हातात लाल अष्टकोनी पाटी असते.
ती उचलली की सगळे थांबतात.
केल्सीची पांढरी मिनीव्हॅन,
होदानच्या नवऱ्याची टॅक्सी,
चर्चची बस, पिझ्झावाला.
एकमेकांशी कधी न बोललेली माणसं
माझ्यामुळे वीस सेकंद
एका रांगेत उभी राहतात.
एवढीच माझी सत्ता.

सेंट पॉलच्या उत्तरेला, या उपनगरात,
तीनच्या घंटेआधी
फुटपाथवर कोंडाळी जमतात.
कुंपणापाशी हॉकीवाल्या मुलांच्या आया,
हातात बादलीएवढे कॉफीचे पेले.
झेंड्याच्या खांबापाशी वाऱ्यात फडफडणारे जिलबाब,
सगळ्यात मोठं हसू तिथलं.
सायकलींच्या स्टँडला टेकून हमोंग आज्या,
एकीच्या पाठीला नक्षीच्या कापडात बांधलेलं तान्हं.
आणि मूसूची आई, लायबेरियाची,
रात्रपाळीच्या गणवेशात
रस्त्यापलीकडे गाडीतच बसलेली.
तिच्या वाट्याला कुंपणही नाही, खांबही नाही.

रेघ कुणी आखलेली नाही.
पण रात्री नवा बर्फ पडला तरी
दुसऱ्या दुपारी बुटांचे ठसे
जागच्या जागी.

वर्गाचा नियम आहे :
वाढदिवसाला बोलवायचं तर सगळ्यांना,
नाहीतर पाकिटं शाळेत आणू नका.
म्हणून पाकिटं शाळेत येत नाहीत.
गाडीच्या अर्ध्या उघड्या काचेतून
या हातमोज्यातून त्या हातमोज्यात जातात,
निळी, वर चांदीचे तारे.
दुसरीच्या त्या वर्गात सव्वीस मुलं.
पाकिटं सतरा.
मोजायचं मला काही कारण नव्हतं.

किंवा होतं.
एक्क्याऐंशी साली, माझ्याच स्वयंपाकघरात,
ओव्हनमध्ये केक फुगत असताना
चर्चच्या पत्रकाच्या पाठकोऱ्या बाजूवर
मी यादी केली होती. कर्टचा सातवा वाढदिवस.
वर्गातलं एक नाव मला नीट लिहिता येईना,
म्हणून राहिलं,
असं मी स्वतःला बरीच वर्षं सांगितलं.
कर्टनं विचारलं, "आणि पाहुआ?"
मी म्हटलं, "त्यांच्यात असलं काही
करत नसतील रे."
त्यानं मान डोलावली
आणि मेणबत्त्या मोजायला घेतल्या.

परवा फोनवर त्याला आठवण करून दिली.
आता तो ॲरिझोनात असतो, गुडघे दुखतात त्याचे.
"कोण?" म्हणाला.

स्टँडपाशी उभ्या असलेल्यांतली एक
माझ्याकडे बघून रोज हलकीच मान हलवते.
वय जुळतं.
वय काय, पुष्कळांचं जुळतं.
सहा हिवाळे झाले,
मी नाव विचारलेलं नाही.

आज मूसू सगळ्यांत शेवटी आली.
दप्तर एका खांद्यावर, टोपी खिशात.
रस्ता ओलांडताना म्हणाली,
"आर्डिस, तुम्ही पण जाणार शनिवारी?"
"कुठे गं?"
"मला माहीत नाही ना. म्हणून तर विचारलं."

मला उत्तर सुचेना. बरोबर रस्त्याच्या मधोमध
तिच्या बुटाची नाडी सुटली.
ती खाली बसली, बर्फाच्या चिखलात, गुडघा टेकून.
ससा करायचा, दोन कान करायचे,
एक कान दुसऱ्याखालून.
सुटलं.
परत ससा.

केल्सीनं हॉर्न दिला. एकदाच, हळू,
चूक झाल्यासारखा.
पलीकडे टॅक्सीचे वायपर चालूच होते.
मूसूच्या आईनं काच खाली केली.
माझा खांदा भरून आला होता.
"सावकाश कर," मी म्हटलं,
आणि पाटी आणखी थोडी वर धरली.