छान होतं

काउंटरवरची ग्लिनिस दर वेळी विचारते, कसं वाटलं?
आणि मी दर वेळी म्हणते, छान होतं.
मागे रांग असते,
कुणाचं तरी पोर किंचाळत असतं,
आणि माझं इंग्रजी मत द्यायला पुरतं,
दिलेलं मत निस्तरायला पुरत नाही.
म्हणून खरं ते इथे.

बक्षीसवालं पुस्तक मला आवडलं नाही.
सहाशे बारा पानं. एक बाई समुद्राकडे बघते.
नव्वदाव्या पानापर्यंत बघतच असते.
ग्रिम्झबीत आमच्या फॅक्टरीमागे तोच समुद्र आहे,
डबा खाताना मीही बघते,
वीस मिनिटांत बघून होतो.
भाषा सुंदर, मान्य.
पण ती दर पानाला मला थांबवून विचारायची,
मी कशी दिसते?
शेवटी म्हटलं, बाई गं, दिसतेस हो,
मला उद्या सहाची पाळी आहे.

ते खुनाचं.
खुनी मला साठाव्या पानावरच कळला:
जो उगाच सगळ्यांना चहा करून देतो, तो.
इन्स्पेक्टर दारुडा, घटस्फोट झालेला, मुलीशी अबोला.
असे इन्स्पेक्टर हल्ली खातं घाऊक मागवत असावं.
तरी रात्री दोनपर्यंत वाचलं, मजा आली,
त्यात लपवायचं काय.
दुसऱ्या दिवशी कॉडचं तापमान दोनदा चुकीचं लिहिलं,
ते मात्र लपवलं.

मग ते आपल्या लोकांचं. मुखपृष्ठावर आंबा.
नणंदेचा मेसेज होता, वाचच गं, आपलंच आहे.
पानोपानी हळद, वेलची,
आईच्या बांगड्यांची किणकिण.
माझ्या आईच्या बांगड्या प्लास्टिकच्या होत्या,
वाजायच्या नाहीत.
मालवणच्या बाजारात ती माशाचा कल्ला उचलून बघायची,
लाल नसला तर तोंडावर सांगायची, शिळा आहे.
समोरची तिचं सात पिढ्यांचं काढायची,
मग भाव उतरायचा.
त्या पुस्तकाचा कल्ला मी चाळिसाव्या पानावर उचलला.
काय सांगू.
ग्लिनिसला म्हटलं, छान होतं.
ती म्हणाली, मी तर रडले.

आणि हे बारकं, कुणीच न सुचवलेलं,
परत आलेल्यांच्या ट्रॉलीवर उताणं पडलेलं.
एक माणूस हिवाळ्यात रात्री
रस्त्यावर मीठ टाकायची गाडी चालवतो. बस.
तो निघतो तेव्हा बायको झोपलेली,
तो येतो तेव्हा ती कामाला गेलेली,
फ्रिजवर चिठ्ठ्या.
मला वाटलं आता काहीतरी होईल,
अपघात, प्रेत, निदान एखादं हरीण.
एकशे चाळिसाव्या पानावर
तो तिच्या बाजूची उशी नीट करतो.

त्या ओळीशेजारी पेन्सिलीने कुणीतरी लिहिलंय: नाही.
इंग्रजीत, ठसठशीत, खाली रेघ.
आधी कुठे खूण नाही, नंतरही नाही.
सगळं पुस्तक चालवून घेतलं त्या माणसाने
(की बाईने? अक्षर कळत नाही),
आणि उशीवर येऊन एवढा राग?
दोन दिवस मी कादंबरी सोडून
त्या एका शब्दाचाच विचार करतेय.
कुणाची उशी, कुणी नीट केली नव्हती.

जयेंद्र रात्रपाळीला आहे.
त्याची उशी मी आज पहिल्यांदा धड पाहिली.
मधोमध खळगा, कडेला तेलाचा पिवळा डाग.
हात पुढे केला.
मग तशीच राहू दिली.

मत म्हणाल तर,
शेवट घाईत उरकलाय
आणि गिअरबॉक्सबद्दल जरा जास्तच आहे.

ग्लिनिसने विचारलं, कसं वाटलं?
म्हटलं, आणखी एक आठवडा ठेवते.