हे काढू नोको

ताकसांडे सरांचा एडिटर माझ्याकडे आला
पेनड्राइव्हवर, लाल दोऱ्यात ओवलेला.
सर आयटीआयला वेल्डिंग शिकवत,
रात्री घरी कोड लिहीत.
ते गेले त्याला तीन वर्षं झाली.
एडिटर चालतोच आहे, सात ग्रामपंचायतींत
आणि दारव्ह्याला, लग्नपत्रिका छापणाऱ्या शेंद्रे बंधूंकडे.

मी बसते कृषी केंद्राच्या माडीवर.
खालून फवारणीच्या औषधाचा वास,
मोबाइल खिडकीच्या गजाला बांधलेला, टॉवरकडे तोंड करून.
लाईन सकाळी सहा ते दहा, मग एकदम रात्री.
बारा हजार ओळी, एकच फाइल.
त्यात एक फंक्शन नऊशे ओळींचं,
वाचता वाचता चहा दोनदा निवला.
ओळींचे समास असे,
जसं धुरा तुडवत ढोर गेलं.

व्हेरिएबलची नावं: तात्पुरता, तात्पुरता२,
तात्पुरता_खरा.
हा शेवटचा पंधरा वर्षं जागचा हलला नव्हता
आणि साऱ्या पानांचा हिशेब त्याच्याच हातात.

मधेमधे सरांच्या टिपा:
"इथं लाईन गेली. उद्या पाहू."
"हे काहून चालते मले मालूम नाही. चालते."
"पोरगी आजारी. चार दिवस हात नाही लावला."
दोनचार वाचल्या, हसले,
मग सगळ्या टिपा एका झटक्यात काढल्या.
टिपांमुळे काही चालत नाही,
हे पुण्यात शिकून आले होते.

नऊशेचे एकवीस तुकडे केले.
जो जे करतो तेच त्याचं नाव.
डॉट मॅट्रिक्स प्रिंटरच्या चारशे ओळी पुसल्या,
तसला प्रिंटर आता तालुक्यात कुणाकडे नाही.
आई माडीवर आली, दिवसभर काय करतं म्हणे.
निंदते, म्हटलं.
ती पडद्याकडे बघत राहिली.
"तरोटा ओयखता येते का तुले?
का सारंच उपटतं?"

शोधाच्या भागात एक तक्ता सापडला.
य दिसला तर ळ पण बघ,
ळ दिसला तर य पण.
मी डोक्याला हात लावला.
काळ शोधावा आणि काय सापडावं,
हे कसलं शोधणं.
चारच ओळी होत्या. काढल्या.
चाचण्या सगळ्या हिरव्या.
रात्री लाईन आल्यावर नवी आवृत्ती धाडून दिली
आणि खूप दिवसांनी शांत झोपले.

मंगळवारी पारव्याहून वंदना पेंदोरचा फोन.
मॅडम, एक आजी उभ्या आहेत, निराधारच्या कागदासाठी.
जुनं रजिस्टर मीच उतरवून घेतलं होतं सारं,
पण आता कम्प्यूटर म्हणते, नोंद नाही.
काय टाईप केलं?
त्या बोलल्या तसंच. कमया.
फोनमध्ये मागून बारीक आवाज:
"मी आहो ना. इथंच तं आहो."

जुनी प्रत उघडली.
तक्त्याच्या डोक्यावर सरांची टीप,
मी न वाचता पुसलेली:
"हे काढू नोको.
माह्या मायचं नाव कुठंच भेटत नव्हतं."

चार ओळी परत लावल्या.
चाचण्यांत एक वाढवली:
कमया शोधा, कमळा सापडली पाहिजे.
अर्ध्या तासानं वंदनाचा मेसेज:
भेटल्या. पान एकशे बारा.

मग रात्रभर बसून
सरांच्या टिपा एकेक करून जागेवर ठेवल्या.
कुठली कुठल्या तुकड्यात जाईल
हे कळायला सकाळ झाली.
पोरगी आजारी होती, तीही ठेवली.
तिच्यामुळे काही चालत नाही.
राहू दिली.

प्रिंटर मात्र परत आणला नाही.