तिसरा नमुना

फेलिक्सस्टो बंदर, शेड क्रमांक चार.
कंटेनरचं सील तोडलं की आधी वास येतो,
मग आकडे.
एकोणीस टन तीळ, पांढरा, सोललेला,
मुंद्र्याहून निघून महिना होत आलेला.

ग्विनेथ कॅचपोल वर चढते, सळी खुपसते
गोणीच्या पोटात, मधोमध, मग तळाशी,
डॉक्टरनं पोराचा घसा बघावा तशी.
मी खाली ट्रे धरून,
हातमोज्यांत बोटं असून नसल्यासारखी.

किलोमागे पाच शतांश मिलिग्रॅम.
इथं एवढाच चालतो तो वायू,
जो तिकडे गोदामात जंतू मरावेत म्हणून सोडतात.
अटलांटिकपलीकडे सात मिलिग्रॅमही खपतात,
वर विचारतात, जंतू मेले ना नक्की?
हीच गोणी ह्यूस्टनला उतरली असती
तर एव्हाना पावावर भुरभुरून झाली असती.

जिनीव्हात म्हणे यावर बैठक झाली.
एक म्हणाला, सुरक्षा.
दुसरा म्हणाला, अडवणूक.
दोघांचं तीन भाषांत भाषांतर झालं
आणि जेवणाची सुट्टी.

नोटिशीवरचं माझं नाव वाचून
राजकोटहून वसनजीभाईंचा फोन:
"ताई, तुम्ही तर आपल्याच ना?"
फॉर्मवर त्या 'ना'साठी रकाना नाही.
मी कंटेनरचा नंबर पुन्हा वाचून दाखवला.

कायद्यानं नमुन्याचे भाग तीन.
एक प्रयोगशाळेला, एक मालकाला,
तिसरा सीलबंद, भांडण पेटलंच तर पंचासाठी.
आमच्याकडे एक तीळ सातजण वाटून खातात,
मी ग्विनेथला सांगितलं.
"सात? मग पंचाला काय उरलं?"
हसलो. तोंडातून वाफ निघाली दोघींच्या.

निकालाला सोळा दिवस.
तोवर भाडं चढेल रोजचं,
वसनजीभाईंचा तिळपापड होईल,
मेल येतील लाल अक्षरांत.
त्यांचं चुकलंय का? माहीत नाही.
आकडा आला की कळेल,
म्हणजे आकडा कळेल.

रात्री बुटाच्या नाडीत एक दाणा सापडला.
किलोत असे तीन लाख तरी.
पाच शतांशाला भागायला बसले
विजेच्या बिलामागे,
शून्यं लिहिता लिहिता कड संपली.
दाणा बशीच्या काठावर ठेवला.
खाल्ला नाही, टाकलाही नाही.

बाहेर क्रेनचे लाल दिवे.
तिसऱ्या पिशवीवर सही केली होती ना मी,
तेच आठवत बसले कितीतरी वेळ.